रेशनचा टेम्पो पकडला, पण फिर्याद द्यायची कोणी?

बांधावरचा

गाव मराठवाड्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. मी गावच्या रेशन दक्षता समितीवर आहे. म्हणजे वर्षातून दोनदा सही करतो आणि चहा पितो, एवढंच. पण गेल्या सोमवारी रात्री साडेअकराला पुतण्याचा फोन आला, "काका, दुकानामागं टेम्पो लागलाय." गेलो. तांदळाचे कट्टे भरणं चालू होतं. सरकारी शिक्क्याची पोती रिकामी करून माल पांढऱ्या प्लॅस्टिकच्या गोण्यांत पलटी केलेला, पण पाच-सहा पोती तशीच राहिलेली. पन्नास किलोचे चाळीस कट्टे मोजले. ड्रायव्हर म्हणतो, मी भाड्याचा माणूस, मला काय ठाऊक. पुतण्यानं व्हिडिओ काढला. ११२ लावला, पोलीस आले, टेम्पो ठाण्यात गेला.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. ठाण्यात सांगितलं, "स्टेशन डायरीला नोंद घेतलीय. पुढचं तहसीलदारांची फिर्याद आली की. कलम ११ आहे, सरकारी माणसाशिवाय ही केस उभी राहत नाही." तहसीलला गेलो तर पुरवठा निरीक्षक रजेवर आणि कारकून म्हणतो, "माल पोलिसांच्या ताब्यात आहे ना, मग ते बघतील." आज चौथा दिवस. टेम्पोमालक रोज ठाण्यात येऊन बसतोय.

प्रश्न सरळ आहे. जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यात खटला सुरू करतो कोण? पोलीस, तहसीलदार, की माझ्यासारखा कुणीही?

रात्रपाळी

आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय ऐकलं होतं. इथे दळायच्या आधीच गेलं.

खोडसाळ

वर्षातून दोनदा चहा पिणाऱ्या समितीनं टेम्पो पकडला हीच बातमी आहे. अभिनंदन!

वकीलकाका

बांधावरचा, दोन टप्पे वेगळे करा. निम्मा घोळ तिथेच सुटेल.

पहिला टप्पा, गुन्हा नोंदवणे. १९५५च्या कायद्याचं कलम १०-ए सांगतं की या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीची वाट न बघता पोलीस तपास करू शकतात. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतो. तुम्ही, पुतण्या, रस्त्यानं जाणारा दूधवाला. २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगून ठेवलंय की खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक. नुसती डायरी नोंद करून चार दिवस बसता येत नाही.

दुसरा टप्पा, कोर्टानं दखल घेणे, म्हणजे खटला सुरू होणे. कलम ११ फक्त इथे लागतं. त्यात म्हटलंय की गुन्ह्याच्या हकिगतीचा लेखी अहवाल लोकसेवकानं दिल्याशिवाय कोर्ट दखल घेणार नाही. आता तुमच्या ठाण्यातले साहेब स्वतः कोण आहेत? लोकसेवकच की. ते तपास करून दोषारोपपत्र दाखल करतात, तोच तो लेखी अहवाल. तहसीलदारांचं वेगळं पत्र हवंच असं कलमात कुठेही नाही.

बांधावरचा

म्हणजे कलम ११ खरं, पण चुकीच्या दारात उभं केलेलं?

वकीलकाका

अगदी. आणि त्या कलमाचा इतिहासही बघा. मूळ कलमात फक्त लोकसेवक होता. याच्या आधीच्या, १९४६च्या जीवनावश्यक पुरवठ्याच्या तात्पुरत्या कायद्यातही अशीच अट होती. १९६१ साली भगवती सरन यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तिचं कारण सांगितलं: धंद्यातला प्रतिस्पर्धी किंवा कोणीही उठसूट खटला भरू नये म्हणून. समोरच्या दुकानदाराचा काटा काढायला कोर्ट वापरलं जाऊ नये, एवढाच हेतू. पुढे १९८६ साली कलम सैल केलं. आता लोकसेवकाबरोबर 'पीडित व्यक्ती' आणि 'मान्यताप्राप्त ग्राहक संघटना' यांनाही थेट अहवाल देता येतो. मान्यताप्राप्त म्हणजे कायद्याखाली नोंदणी झालेली स्वयंसेवी संघटना. तक्रारदार तिचा सभासद असलाच पाहिजे असंही नाही.

त्यामुळे पोलीस आणि तहसील दोघंही हात झटकत असतील तर ज्या कार्डधारकाला त्या महिन्याचं धान्य मिळालं नाही तो पीडित म्हणून सरळ न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. फक्त आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, खासगी तक्रारीवर दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणजे वेळ जाणार. त्याआधी पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टाका, पोच घ्या.

काळाकोट

वकीलकाकांशी बहुतांशी सहमत, पण चित्र जरा जास्तच गुलाबी रंगवलंय. एफआयआर कोणीही करेल, पण झडती आणि जप्ती कोणी केली हे बचाव पक्ष पहिल्यांदा विचारतो. या कायद्याखाली सरकार वस्तूवार नियंत्रण आदेश काढतं, त्या प्रत्येक आदेशात झडतीचे अधिकार कोणाला आणि किमान कोणत्या हुद्द्याला ते लिहिलेलं असतं. गॅसचा २००० सालचा आदेश काढून बघा, त्यात पुरवठा खात्याचा निरीक्षक आणि तेल कंपनीचा विक्री अधिकारी अशी नावं आहेत. हवालदारानं हॉटेलात शिरून १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर उचलले आणि पुढे सगळी केस त्यावरच पडली, अशी मी स्वतः दोन चालवलीत. (आरोपीकडून. पोट आहे साहेब.)

वकीलकाका

काळाकोट, गुन्हा दखलपात्र असल्यावर पोलिसांचा तपासाचा मूळ अधिकार कुठे जातो? आदेशातला अधिकार जादाचा आहे, बदलीचा नाही.

काळाकोट

हेच सरकारी वकील म्हणतात, आणि हायकोर्टांचे निकाल दोन्ही बाजूंचे मिळतात. म्हणून मी सांगतोय की वाद अंगावर घ्यायचाच कशाला? ठाणेदारानं पुरवठा निरीक्षकाला बोलावून त्याच्या हातानं पंचनामा करून घ्यावा, म्हणजे भांडायला जागाच राहत नाही. पोलीस तहसीलदारांची फिर्याद मागतात त्यामागे आळस असतोच, पण कधीकधी हे शहाणपणही असतं.

निवृत्त पुरवठावाला

तीस वर्षं पुरवठा खात्यात काढली, शेवटी निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. दोन्ही वकीलसाहेबांचं खरं आहे, पण केस कोर्टात मरत नाही, जप्तीच्या रात्रीच मरते. तेव्हा थोडं सविस्तर.

एक. बातमीत तुम्ही वाचता, "जीवनावश्यक वस्तू अधिनियम कलम ३ व ७ अन्वये गुन्हा". हे अर्धवट आहे. कलम ३ सरकारला आदेश काढायचा अधिकार देतं आणि कलम ७ शिक्षा सांगतं, साधारण तीन महिने ते सात वर्षं. गुन्हा होतो तो कुठल्यातरी *आदेशाचा* भंग केल्यानं. रेशनच्या मालाला आपल्याकडे १९७५चा महाराष्ट्र अनुसूचित वस्तू वितरण विनियमन आदेश आहे, केंद्राचा २०१५चा सार्वजनिक वितरण नियंत्रण आदेश आहे. कुठला आदेश आणि कुठलं खंड मोडलं हे फिर्यादीत नसेल तर वकील पहिल्याच तारखेला गुन्हा रद्द करण्याचा अर्ज घेऊन हायकोर्टात. आमचा एक साहेब मार्गदर्शन करायचा, "तीन-सात लिही, बाकी पोलीस बघतील." पोलीस बघत नाहीत हो. त्यांना वाटतं पुरवठ्याच्या माणसानं लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल.

दोन. माल सरकारी आहे हे सिद्ध कसं करणार? दुकानदार म्हणतो, आडतीवरून घेतला, ही बघा पावती. तांदळावर थोडंच नाव लिहिलेलं असतं! म्हणून त्या पाच-सहा न पलटवलेल्या पोत्यांना जपा. शिक्का, हंगामाचं वर्ष, पोत्याचं तोंड मशीनच्या शिलाईचं की सुतळीनं हातानं शिवलेलं, दोऱ्याचा रंग, सगळं पंचनाम्यात लिहायचं. माझ्या एका केसमध्ये आरोपीचा वकील दोन तास मला घोळवत होता. शेवटी न्यायाधीशांनी मुद्देमालातलं पोतं मागवलं. गोदामाची शिलाई उसवून पुन्हा सुतळीनं शिवलेली होती, आणि उसवलेल्या दोऱ्याचा तुकडा काठात अडकलेला. तो तुकडा मी पंचनाम्यात लिहिलेला होता म्हणून बचावलो. नाहीतर तुम्हीच नंतर अडकवला म्हणायला वकील तयारच होता.

तीन. वजन. "अंदाजे चाळीस कट्टे" असं लिहू नका. काटा आणा, प्रत्येक कट्टा तोला, वजन लिहा, काट्याच्या प्रमाणपत्राचा नंबर लिहा. आम्ही एकदा बैलगाडीच्या कंदिलाच्या उजेडात पहाटे चारपर्यंत तोलत होतो.

चार. पंच. ठाण्याबाहेरच्या टपरीवर बसलेले नेहमीचे दोघं घेऊ नका. त्यांनी चाळीस पंचनाम्यांवर सह्या केलेल्या असतात आणि वकिलाकडे यादी असते. आणि पंचनामा जागेवर लिहायचा. आधी चहा, मग ठाण्यात बसून "समक्ष गेलो असता" असं लिहिलेले पंचनामे मी शेकड्यानं पाहिलेत. काही माझ्याच अक्षरातले.

बांधावरचा

काका, पंचनाम्यावर अजून सहीच झालेली नाही. टेम्पोला फक्त ताडपत्री घातलीय.

निवृत्त पुरवठावाला

मग आजच्या आज तहसीलदारांना लेखी द्या. नवीन कायद्यात झडती-जप्तीचं चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचंय (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५). पुतण्याचा व्हिडिओ त्याची जागा घेत नाही, पण मूळ फोन सांभाळून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत नको, मूळच हवी.

सुलभाताई दादर

अवांतर होईल पण राहवत नाही. आज फुकट तांदूळ मिळतो म्हणून तो विकला जातो, यावर आमच्या घरात रोज वाद. १९७२-७३ चा दुष्काळ मी पाहिलाय. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, अमेरिकेतली. भाकरी थापली की तव्यावरच तडकायची. साखरेसाठी पहाटे पिशवी ठेवून नंबर लावायचा. तेव्हा मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांनी बायकांचा लाटणे मोर्चा काढला होता. माझी आई गेली होती, घरातलं चांगलं शिसवी लाटणं घेऊन. परत येताना ते हरवलं. त्याचं दुःख तिला महागाईपेक्षा जास्त झालं.

पण तेव्हाही गोदामावर जाऊन साठा उघडा पाडायचं काम बायकाच करायच्या आणि नंतर खटल्याचं काय झालं ते कुणालाच कळायचं नाही.

रात्रपाळी

ताई, लाटण्याचा पंचनामा झाला होता का?

सुलभाताई दादर

झाला असता तर निदान मुद्देमालात सापडलं असतं मेलं.

खोडसाळ

माझा गंभीर प्रश्न. भाव चढणार म्हणून बायकोनं पलंगाखाली साठ किलो कांदा पसरून ठेवलाय. मी साठेबाज आहे का? कलम ३ व ७ लागतं का? जामीन कोण राहणार?

काळाकोट

वहिनींना आत टाकायचा विचार दिसतोय. घरच्यासाठीचा साठा म्हणजे व्यापार नव्हे. १९६४ साली मणिपूरच्या नीला चंद्र सिंह प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. भात मर्यादेपेक्षा जास्त सापडलं होतं, पण नुसता साठा सापडला म्हणून माणूस 'व्यापारी' ठरत नाही, तो खरेदी-विक्रीचा धंदा करतो हे दाखवावं लागतं. आणि साठ्यावरची मर्यादा कायम नसते, सरकार वेळोवेळी आदेशानं घालतं नि काढतं. करोनात मास्क आणि सॅनिटायझर १३ मार्च २०२० ला जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत आले आणि जूनअखेर बाहेर गेले. त्याच वर्षी कांदा-बटाटा, डाळी, तेल यांच्यावर एरवी मर्यादा घालायची नाही, भाव अमुक टक्के चढले तरच, अशी दुरुस्ती झाली. २०२१च्या शेवटी कृषी कायदे रद्द झाले तेव्हा तीही गेली. तेव्हा पलंगाखाली बघण्याआधी त्या दिवशी कुठला आदेश लागू होता ते बघायचं.

खोडसाळ

धन्यवाद. निम्मा कांदा सडलाय, तो पुरावा नष्ट केला असं धरू नये.

कृषी सेवा केंद्र

सगळे चोर पकडायच्या गोष्टी करताय, आता पकडलेल्याचंही ऐका.

माझं तालुक्याच्या गावी खत-बियाण्याचं दुकान. खतसुद्धा याच कायद्यात येतं, १९८५चा खत नियंत्रण आदेश. एका खरिपात निरीक्षक आले, मिश्र खताच्या पोत्यातून नमुना घेतला, तीन भाग केले, सील केले, एक मला दिला. पोतं कंपनीच्या शिलाईचं, मी टाचणीसुद्धा लावलेली नव्हती. अहवाल आला, पालाश कमी. गुन्हा माझ्यावर, कंपनीच्या विक्री प्रतिनिधीवर आणि कंपनीवर. प्रतिनिधी नोकरी सोडून गेला, कंपनीचे वकील मुंबईहून यायचे, आणि तारखेला उभा राहायचो मी एकटा. नऊ वर्षं. नमुना सात दिवसांत प्रयोगशाळेकडे जायला हवा होता, माझा गेला तेविसाव्या दिवशी. मुंबईच्या वकिलानं नव्हे, माझ्या तालुक्याच्या वकिलानं ते शोधलं. सुटलो. पण त्या नऊ वर्षांत परवान्याचं नूतनीकरण, बँकेची मर्यादा, मुलीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांचं "तुमच्यावर केस आहे म्हणे", हे सगळं भोगलं.

कोणीही फिर्याद देऊ शकतो म्हणून आनंद वाटतोय ना? कलम १०-सी वाचा. आरोपीचा हेतू वाईट होता हे कोर्ट आधीच धरून चालतं, तो नव्हता हे आरोपीनं सिद्ध करायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

वकीलकाका

तुमची तक्रार रास्त आहे. हेतूबद्दल हा कायदा सतत हेलकावे खात आलाय. मध्य प्रदेशातल्या धारच्या नथुलाल नावाच्या धान्य व्यापाऱ्यानं परवान्यासाठी अर्ज केला होता, फी भरली होती, परवाना येईल या भरवशावर गहू ठेवला होता. सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं: गुन्हेगारी मन नाही तर गुन्हा नाही. त्यानंतर संसदेनं १९६७ साली "जाणूनबुजून असो वा नसो" अशा अर्थाचे शब्द कायद्यात घातले, १९७४ साली ते काढले आणि त्याऐवजी तुम्ही म्हणता ते गृहीतक आणलं. म्हणजे सुटायला दार आहे, पण ते उघडायचं आरोपीनं.

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. कृषी सेवावाले भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही हे खरं. ड्रायव्हर खरंच भाड्याचा असेल तर?

काल तहसीलदारांना लेखी दिलं, पोच घेतली, प्रत पोलीस अधीक्षकांना आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना. संध्याकाळी निरीक्षक रजेवरून परत! आता दोन प्रश्न. टेम्पोमालक म्हणतो गाडी सरकारजमा होणार, माझं वाटोळं होईल. आणि तांदूळ खटला संपेपर्यंत ठेवला तर त्याला पोरकिडे लागतील, त्याचं काय?

काळाकोट

कलम ६-ए. हे जिल्हाधिकाऱ्यांचं स्वतंत्र काम आहे, आणि खटला भरो ना भरो, ते माल सरकारजमा करू शकतात. आधी लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं. गाडी भाड्यानं चालणारी असेल तर मालकाला दंड भरून सोडवायचा पर्याय मिळतो, आणि तो दंड *गाडीच्या* नव्हे तर त्यात असलेल्या *मालाच्या* बाजारभावापेक्षा जास्त नसतो. सुप्रीम कोर्टानं २००० साली हे स्पष्ट केलंय. मालकाला सांगा, वाटोळं होत नाही. शिवाय गाडीचा असा वापर आपल्याला माहीत नव्हता आणि पुरेशी काळजी घेतली होती हे त्यानं दाखवलं तर गाडी जप्तच होत नाही.

तांदूळ खराब होणारा असेल तर जिल्हाधिकारी तो आधीच विकायचा आदेश देतात, धान्य असेल तर रास्त भाव दुकानांमार्फतसुद्धा. पुढे आरोपी सुटला तर किंमत व्याजासकट परत. दुकानाचं प्राधिकारपत्र, म्हणजे रेशन दुकानाचा परवाना, निलंबित करणं ही तिसरीच वाट, ती जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे. तीन फाईली, तीन टेबलं. एकावर हलली म्हणून दुसरी हलत नाही.

रात्रपाळी

दुकानदार मोठा मासा असेल तर सरळ एमपीडीएखाली, म्हणजे राज्याच्या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, वर्षभर आत का टाकत नाहीत? त्यात काळाबाजारवाले आलेत ना?

वकीलकाका

आलेत. शिवाय केंद्राचा १९८०चा काळाबाजार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात सहा महिने. पण ती स्थानबद्धता, खटला नव्हे. चाळीस कट्ट्यांच्या पहिल्याच गुन्ह्याला ती लावली तर आदेश टिकणं कठीण.

निवृत्त पुरवठावाला

बांधावरचा, एक वडिलकीचं सांगतो. रात्री-अपरात्री परत एकट्यानं टेम्पोमागं जाऊ नका. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीत अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनभेसळवाल्यांनी जिवंत जाळलं. भरदिवसा, आणि ते अपर जिल्हाधिकारी होते. त्या आठवड्यात आमच्या खात्यात एकही धाड पडली नाही, आणि मी कोणाला दोष देत नाही. रेशनचं निळं रॉकेल हाताळलेल्या प्रत्येकाला घरी बायकोनं दारात अडवलं होतं.

सुलभाताई दादर

हे वाचून अंगावर काटा आला. सांभाळून रहा रे बाबा.

बांधावरचा

अपडेट. काल गुन्हा दाखल झाला. फिर्यादी पुरवठा निरीक्षक, मी आणि पुतण्या साक्षीदार. १९७५ आणि २०१५ दोन्ही आदेश लिहिलेत. निरीक्षकांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "हे खंड वगैरे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, ओळखीतले आहेत एक. ड्रायव्हरला तूर्त साक्षीदार ठेवलंय, त्यानं कुठे माल उतरवायचा होता ते सांगितलं.

माल ठाण्याच्या आवारात काटा आणून तोलला. चाळीस कट्ट्यांचे एकोणीस क्विंटल बहात्तर किलो भरले, म्हणजे चोरीच्या मालातही मापात पाप. पॉस मशीनवर त्या महिन्याचं वाटप जवळजवळ पूर्ण दिसतंय. ज्यांचे अंगठे लागलेत त्यातल्या अकरा घरांनी धान्य मिळालं नाही असं लेखी दिलं. त्यातली एक म्हातारी अंत्योदयची, पस्तीस किलोवाली. तिला विचारलं अंगठा का दिला? म्हणाली, "मशीनला दिला बाबा, त्याला थोडाच दिला."

काळाकोट

अकरा घरं म्हणजे अकरा पीडित व्यक्ती. उद्या पोलिसांनी 'ब' समरी, म्हणजे फिर्यादच खोटी असा अहवाल, पाठवली तरी कलम ११चं दार उघडं आहे. त्यांचे जबाब नीट ठेवा.

कृषी सेवा केंद्र

ड्रायव्हरला साक्षीदार केलं हे वाचून बरं वाटलं.

निवृत्त पुरवठावाला

बाकी ठीक. पोत्याच्या तोंडाची शिलाई लिहिली का?

बांधावरचा

लिहिली. निरीक्षक सुतळी म्हणत होते. मी वाकून बघितलं. आत हिरव्या दोऱ्याचा तुकडा होता.